राजाच्या नावाची तबकडी

रेल्वेत मी घड्याळवाला होतो. असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्टेशनबाहेर काचेची पेटी मांडून, डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस येतो. तसं नव्हे. कलकत्त्याला गार्डन रीचच्या मुख्यालयात घड्याळांचा एक छोटा विभाग होता. स्टेशनांतली, केबिनींतली आणि साहेबांच्या डोक्यावर टांगलेली घड्याळं एका तालात चालतात की नाही, हे पाहणं आमचं काम. मराठी मंडळात ओळख करून देताना मंडळी म्हणायची, "हे आमचे घड्याळकाका, यांच्याकडे उशिरा जायचं नाही." त्यात थोडी चेष्टा असायची आणि थोडी भीती. मला दोन्ही आवडायचं.

काम बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येईल. रोज दुपारी चार वाजता तारेवरून वेळेचा सिग्नल जायचा आणि लाइनवरच्या प्रत्येक स्टेशनाने आपलं घड्याळ त्याला मिळवायचं. मिळवूनही जे पुढेमागे जाई, ते आमच्याकडे येई, किंवा आम्ही पेटी घेऊन त्याच्याकडे जायचो.

बहुतेक वेळा दोष घड्याळात नसायचाच. एका लहान स्टेशनातलं घड्याळ रोज दुपारी एकच्या आत बंद पडायचं. तीनदा मशीन उघडून साफ केलं, तेल दिलं. चौथ्या वेळी मी न कळवता गेलो आणि समोरच्या बाकावर नुसता बसून राहिलो. बाराला ड्यूटी बदलली, दुसरे मास्तर आले आणि त्यांनी आपली जेवणाची पिशवी घड्याळाच्या पेटीखालच्या खिळ्याला अडकवली. पेटी केसभर कलली. लोलकाचं घड्याळ कललं की आधी लंगडायला लागतं आणि मग थांबतं. मी शेजारच्या भिंतीत एक वेगळा खिळा ठोकला आणि रिपोर्टात 'दुरुस्ती केली' असं लिहिलं. त्या खिळ्याचा मला आजही अभिमान आहे.

ही सगळी घड्याळं सरकारची. स्वतःची असावीत असं मला फक्त एकाच जातीच्या घड्याळांबद्दल वाटलं, आणि त्या वाटण्यापायी एक गोष्ट माझ्या हातून घडली, तीच इथे सांगायची आहे.

अरबस्तानातले राजे आणि शेख त्या काळी स्वित्झर्लंडच्या कारखान्यांना मनगटी घड्याळांची मोठी मागणी देत. घड्याळ नेहमीचंच, पण तबकडीवर त्यांची खूण: दोन तलवारी आणि खजुराचं झाड, नाहीतर ससाणा, किंवा एखाद्या अंमलदाराचं चित्र. आपल्याकडे लग्नात आहेर करतात तशी ही घड्याळं पाहुण्यांना, अधिकाऱ्यांना, वैमानिकांना, अगदी मुदपाकखान्यातल्या लोकांनाही दिली जात. त्यांतली काही फिरत फिरत आमच्या खिदिरपूरच्या गोदीत येत. खलाशी ती विकायला काढत, कारण इथे कोणालाच ती नको असत. मनगटावर परक्या राजाची तलवार कोण बांधणार? मी बांधायचो. मशीन इतर घड्याळांसारखंच. जे काय आहे ते तबकडीवर, एवढं मला पहिल्याच घड्याळात कळलं होतं.

माझं पहिलं घड्याळ अरबी आकड्यांचं होतं. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि अरबी सहा इंग्रजी सातासारखा. आमची ही, नलिनी, ते हातात घेऊन म्हणाली, "अहो, तुमच्या राजाच्या राज्यात शून्य वाजतात. मी स्वयंपाक कितीला करू?" मग घरात ते चालूच झालं. मला उशीर झाला की ती म्हणायची, आज यांचे शून्य वाजले.

चार वर्षांत अशी सात घड्याळं जमली. शिसवी लाकडाच्या एका पेटीत मी ती ठेवत असे आणि रविवारी काढून चावी देत असे. पण ज्यावर चित्र नाही, शिक्का नाही, राजाचं स्वतःचं नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत आहे, तसं एकही नव्हतं. तशी घड्याळं राजा स्वतःच्या हाताने देत असे, असं मी ऐकून होतो.

आता शीतलबाबूंबद्दल सांगायला हवं. राधाबाजारात एका जिन्याखाली बसून ते तबकड्या नव्या करून द्यायचे. रोज बराकपूरहून लोकलने सियालदहला उतरत आणि तिथून चालत येत, ट्रामच्या हादऱ्यांनी नंतर कुंचला धरताना हात थरथरतो म्हणत. कलकत्त्याच्या दमट हवेत दोनतीन पावसाळ्यांत कुठल्याही घड्याळाचा चेहरा डागाळतो, आणि मग लोक म्हणत, डायल नया कर दो. शीतलबाबू आधी जुन्या तबकडीवर पातळ कागद ठेवून सगळं उतरवून घेत. मग तबकडी पाण्यासारख्या एका औषधात बुडवून कोरी करकरीत पुसत, नवा रंग चढवत आणि उतरवलेलं सगळं बारीक कुंचल्याने पुन्हा लिहीत. एवढं सुरेख की दुकानदारही फसे. त्यांचा हात पाहून मी थक्क व्हायचो, पण माझी घड्याळं मी त्यांच्या जवळपासही नेत नसे. एकदा पुसलेली तबकडी म्हणजे तीच तबकडी नव्हे. कारखान्यात छापलेली पहिली अक्षरं, त्यांच्यावर साचलेला काळ, ते एकदा गेलं की गेलं. हे मी शीतलबाबूंना एकदा समजावून सांगितलं. ते हसून म्हणाले, "आपनि तो मशाय दाग का पूजा कोरते हैं!"

त्या दिवसांत एका संध्याकाळी याकूबमियाँ आमच्या क्वार्टरवर आले. गार्डन रीच संपतं तिथून मटियाबुर्ज सुरू होतं आणि ते आहे शिंप्यांचं. याकूबमियाँ तिथले जुने शिंपी, साठी ओलांडलेले, उंच, पांढरी स्वच्छ दाढी. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की रेल्वेत एक घडीबाबू आहेत. खिशातून रुमाल काढून त्यांनी घड्याळ माझ्यासमोर ठेवलं.

"चाबी फिसलती है बाबू. काँटा घूमता नहीं."

मी रुमाल उलगडला. तबकडीच्या वरच्या अर्ध्या भागात एका राजाचं नाव होतं. चित्र नाही, शिक्का नाही, नुसतं नाव, झोकात लिहिलेलं. मूळची पांढरी तबकडी आता दुधाच्या चहाच्या रंगाची झाली होती. कडेने तपकिरी ठिपके उठले होते, आणि काळी शाईही विटून तपकिरी पडली होती. इतकी सुंदर तबकडी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

घड्याळ उघडल्यावर एक कोडं पडलं. आपण घड्याळाला चावी रोज देतो आणि चावी ओढून काटे आठवड्यातून एखाद्या वेळी फिरवतो. त्यामुळे चावी देण्याचे दाते आधी झिजतात. इथे उलटं. चावीचे दाते धड आणि काटे फिरवणारं चाक मात्र गुळगुळीत. म्हणजे हा माणूस रोज काटे फिरवतो. मला वाटलं, बिचाऱ्याचं घड्याळ पळत असणार. मी नवीन चाक बसवलं, मशीन साफ केलं, रेल्वेच्या वेळेला सेकंदाने मिळवलं आणि आठ दिवसांनी अभिमानाने परत दिलं.

दुसऱ्या दिवशी मियाँ हजर. "बाबू, आपने तो वक्त बिगाड दिया."

माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. चार वाजताच्या सिग्नलला मिळवलेली वेळ आणि बिघडवली? पण बसवून घेतलं, चहा दिला, तेव्हा उलगडा झाला. ते तरुणपणी अरबस्तानात एका राजवाड्यात शिंपी होते. तिथे त्या काळी सूर्य मावळला की बारा वाजत. मगरिबची अजान झाली की प्रत्येकाने आपलं घड्याळ बारावर आणायचं आणि नवा दिवस सुरू. सूर्यास्त रोज थोडा सरकतो, म्हणून काटे रोज फिरवायचे. मटियाबुर्जला परत येऊन वीस वर्षं झाली, तरी हे घड्याळ ते त्याच वेळेवर चालवत होते.

"ये घडी उनकी है," ते म्हणाले, "तो वक्त भी उन्हीं का रहेगा ना?"

मी आयुष्यभर एकच वेळ मानलेला माणूस. नलिनी आतून म्हणाली, "यांच्याकडे शून्य वाजतात, तुमच्याकडे मगरिबला बारा. बरं जमेल तुमचं." आणि जमलं खरं.

घड्याळ कसं मिळालं, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. राजाचा नवा झगा शिवून झाला, अंगावर चढवला, तर एक बाही आखूड वाटत होती. दरबारी म्हणाले, उत्तम. मुख्य शिंपी म्हणाला, उत्तम. राजाने याकूबमियाँना विचारलं. "हमने कहा, हुजूर, आस्तीन बराबर है. आपका एक हाथ जरा लंबा है." सगळे गार पडले. राजा खूप हसला आणि आत जाऊन हे घड्याळ घेऊन आला.

त्यानंतर ते महिन्यातून एकदोनदा येऊ लागले. त्यांची बोटं कापड ओढून ओढून ताठरली होती, म्हणून मी घड्याळाला जरा मोठी, खाचेची चावी बसवून दिली. बदल्यात त्यांनी मला ते नाव वाचायला शिकवलं. काडीपेटीतली काडी तबकडीच्या काचेवर ठेवून एकेक अक्षर दाखवत. अरबीत पुष्कळ अक्षरांचा सांगाडा एकच असतो, खाली किंवा वर एक ठिपका, दोन ठिपके, त्यावर अक्षर ठरतं. "नुक्ता गया तो हर्फ गया, बाबू." एक अक्षर घशातून काढायचं होतं, ते मला कधीच नीट जमलं नाही. पण त्या एका नावापुरती मला अरबी येते.

आणि मला ते घड्याळ हवं होतं. लपवण्यात अर्थ नाही. सात घड्याळांची पेटी उघडली की मला आठवं नसलेलंच दिसायचं.

मग मी गोदीवर करायचो तेच केलं. खलाशाकडून घड्याळ घेताना पहिला नियम असा की आपल्याला ते आवडलंय हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, नावं ठेवायची. एकदा सहज बोलल्यासारखं मी म्हणालो, "मियाँ, ये घडी कभी निकालनी हो तो मुझे दीजिए. डायल तो खराब हो गया है, देखिए, दाग ही दाग. शीतलबाबू से नया बनवाना पडेगा, तब पहनने लायक होगी. खैर, मुझे शौक है, मैं ले लूंगा."

याकूबमियाँनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू धरायला लागला होता. "बहुत दाग है?"

"बहुत," मी म्हणालो.

"हमको तो अब दिखता नहीं," ते म्हणाले, आणि जरा ओशाळून घड्याळ बाहीखाली सारलं. "पर ये बेचने की चीज नहीं है बाबू."

मी सोडलं नाही. पुढच्या दोन वर्षांत चारपाच वेळा तरी तेच बोललो असेन. अजून दाग वाढले की. आता तर नाव पण नीट दिसत नाही. प्रत्येक वेळी ते तसेच ओशाळायचे आणि मला वाटायचं, आता देतील. एकदा ते गेल्यावर नलिनी सरळ म्हणाली, "तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही? म्हणावं, तबकडी फार सुरेख आहे, तशी दुसरी मिळायची नाही, म्हणून हवी आहे."

"असं सांगितलं तर कधीच देणार नाहीत."

"नाही दिली तर नाही दिली. म्हाताऱ्या माणसाला त्याचंच घड्याळ वाईट म्हणून सांगता, ते बरं दिसतं का?"

मी तिला म्हणालो, तुला यातलं कळत नाही. संसारात हे वाक्य मी बऱ्याचदा वापरलंय आणि दर वेळी चुकीच्या जागी.

मग माझी नागपूरला बदलीची ऑर्डर आली. खोकी भरायला सुरुवात झाली, मंडळात निरोपाचं जेवण झालं. याकूबमियाँना मी मुद्दाम घरी जाऊन सांगून आलो. त्यांना आता माणूस नुसता आकारासारखा दिसत होता. मी शेवटचा प्रयत्न केला नाही. खरं तर मनात होतं, पण त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, तेव्हा तोंडातून निघालं नाही.

निघायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी ते आमच्या दारात आले. मुलीने, सकीनाने, त्यांचा दंड धरला होता. घरात बसायला खुर्ची राहिली नव्हती, म्हणून एका बांधलेल्या खोक्यावर त्यांना बसवलं. नलिनीने चहा टाकला. त्यांनी खिशातून हिरव्या मखमलीची एक छोटी पिशवी काढली. स्वतः शिवलेली. डोळे गेले तरी टाका एकसारखा होता.

"बेचने की चीज नहीं थी," ते म्हणाले. "देने की है."

डोळे भरून आले, हे कबूल करायला आता लाज वाटायचं कारण नाही. मी पिशवीची नाडी सोडत होतो, तेवढ्यात सकीना म्हणाली, "अब्बा कई दिन से पीछे पडे थे. बस में बैठके राधाबाजार ले गए हमको. बोले, दागवाली चीज किसीको तोहफे में कैसे दें."

माझे हात थांबले.

"शीतलबाबू बडे भले आदमी हैं," याकूबमियाँ खुशीत सांगू लागले. "आपका नाम लिया तो बोले, घडीबाबू का है तो बहुत जतन से करूंगा. हमने कहा, एक भी दाग नहीं रहना चाहिए. एक भी नहीं."

घड्याळ बाहेर काढलं. तबकडी पांढरीशुभ्र, नवी कोरी. कडेचा आकड्यांचा पट्टा रेखीव. वर राजाचं नाव गडद काळ्या शाईत, शीतलबाबूंच्या आयुष्यातलं बहुधा सगळ्यांत सुबक काम. पाहताक्षणी मला ते नाव ओळखू येईना. काय बिघडलंय ते कळायला क्षणभर वेळ लागला. नावावर एकही ठिपका नव्हता. शीतलबाबूंना अरबी येत नव्हती. तपकिरी डागांच्या गर्दीत तपकिरी पडलेले ते चारदोन ठिपके त्यांनी डागच धरले होते, आणि सांगितल्याप्रमाणे एकही ठेवला नव्हता. त्यांची चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना डाग कोणी सांगितले? मियाँनी. मियाँना कोणी सांगितले?

दाराशी नलिनी चहाचे कप घेऊन उभी होती. तिने माझा चेहरा पाहिला आणि तिला सगळं कळलं. ती तिथेच उभी राहिली.

"दाग तो नहीं रहा ना कोई?" याकूबमियाँनी विचारलं. त्यांचा चेहरा माझ्या बाजूला नव्हता, थोडा चुकून खिडकीकडे होता.

खरं सांगायची ती शेवटची वेळ होती. दोन वर्षं मी त्यांच्या घड्याळाबद्दल खोटं बोललो ते मिळवण्यासाठी. आता खरं बोललो असतो तर मला हलकं वाटलं असतं आणि त्यांनी ते ओझं मटियाबुर्जपर्यंत वाहून नेलं असतं.

"नहीं मियाँ," मी म्हणालो. "एक भी नहीं."

"और नाम? नाम ठीक आया है? जरा पढिए तो."

मी तबकडी उजेडाकडे धरली. वाचण्यासारखं तिच्यावर काहीच नव्हतं. ठिपके कुठे होते ते मला पाठ होतं, त्यावरून मी राजाचं पूर्ण नाव सावकाश म्हणून दाखवलं.

याकूबमियाँनी मान तिरकी करून ऐकलं आणि हसले.

"गले से, बाबू. बीचवाला हर्फ गले से."

मी पुन्हा वाचलं. या खेपेला त्यांनी मान डोलावली, आणि चहासाठी हात पुढे केला.